चुणीचे उंडे

सोनकांबळे काका कॅन्टीनमध्ये शिरले की माझा आचारी आधी हात धुवायचा आणि मग देवाचं नाव घ्यायचा.

चाकणच्या अलीकडे, महाळुंग्याच्या बाजूला एका कंपनीत माझं कॅन्टीनचं कंत्राट आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. काका तिथे क्वालिटीत होते. बाहेरून आलेला माल तपासायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. पण ते काम अंगात इतकं मुरलेलं, की हा माणूस जेवायलासुद्धा तपासायलाच यायचा. खिशातून थर्मामीटर निघायचा आणि थेट वरणाच्या पातेल्यात जायचा.

"अहो काका, वरण आहे ते. त्याला ताप नाही आलेला," मी एकदा वैतागून म्हणालो.

"ताप नाही मनूनच बघलालो," ते म्हणाले. "थंडगार हाय."

हे उदगीरकडचे. चाळीसेक वर्षं पिंपरी-चिंचवडात काढली, तरी बोली तशीच ठेवली होती. बुटके, सडपातळ, शर्ट कायम खोचलेला, आणि खिशाला पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी. त्या पट्टीने त्यांनी माझ्या चपात्या मोजल्यात हो! आणि नाकाचं तर विचारूच नका. शिफ्ट सुटली की वर्कशॉपच्या दारातून येता येताच ओरडायचे, "आज जिरं जळालं!" आचारी आईची शपथ घेऊन नाही म्हणायचा. झाकण काढलं की वर काळं जिरं तरंगत असायचं. आचाऱ्याने दोनदा नोकरी सोडायची धमकी दिली. मला मात्र मनातून बरं वाटायचं. कंपनीच्या जेवणाकडे इतक्या आस्थेने बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाकीचे मोबाइलमध्ये बघत गिळतात आणि उठतात.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "ड्रॉइंग दाखवा." एखादा भाग बनवायचा तर त्याचं ड्रॉइंग असतं, मापं असतात, त्याशिवाय ते कशालाच हात लावायचे नाहीत. बस उशिरा आली, ड्रायव्हर म्हणाला ट्रॅफिक होतं, की हे म्हणणार, "ड्रॉइंग दाखव." मॅनेजरने पगारवाढीचं आश्वासन दिलं तेव्हा भर मीटिंगमध्ये म्हणाले होते. पगार वाढला नाही तो नाहीच, पण ते वाक्य प्रेस शॉपमध्ये वर्षभर चाललं.

ते रिटायर व्हायच्या जरा आधी प्रेस शॉपमधल्या एका ऑपरेटरची आई गेली. कोकणातला माणूस. एक दिवस डबा उघडून बसला आणि खाईच ना. बायकोने कुळथाची पिठी दिली होती. म्हणाला, "आईसारखी होत नाही काका. विचारून घ्यायचं राहिलंच."

काका त्याच्यासमोर ताट घेऊन बसले होते. "मंजे ड्रॉइंगच नाही?"

"पिठीचं कसलं ड्रॉइंग?"

"इतकी वर्षं माल निघालाय, आणि ड्रॉइंग कुणाकडंच नाही?" काकांनी ताट बाजूला सारलं. खरंच सांगतो, कंपनीचा अख्खा लॉट रिजेक्ट झाला तेव्हाही त्यांचा चेहरा असा पडला नव्हता.

रिटायर झाल्यावर लोक गावाकडे घर बांधतात नाहीतर नातवंडं सांभाळतात. हे माझ्याकडे आले. माझं मुख्य स्वयंपाकघर तळवड्याला एका शेडमध्ये आहे, तिथून डबे भरून गाडी चाकणला जाते. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे गुरुवारी शेड मोकळी. "मला गुरुवार दे. एकेका पदार्थाचं ड्रॉइंग काढून वहीत उतरवायचं हाय, पुढं छापू," म्हणाले. मी म्हटलं, घ्या.

मग दर गुरुवारी कुणाची तरी आई, कुणाची सासू, कुणाची मावशी यायला लागली. कोकणातली, बीडची, विदर्भातली. कंपनीत मुलगा लागला म्हणून इकडे आलेल्या बायका. येताना चांगली साडी नेसून यायच्या, मुलाखतीला आल्यासारख्या बावरलेल्या. काका मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करायचे आणि गंभीर आवाजात म्हणायचे, "नमुना. मासवडी. हवा कोरडी."

ती मासवडीवाली आजी चाकणच्याच एका वाडीतली, तोंडाने फटकळ. तिने सारणाला मूठभर तीळ घेतले, की काकांनी काटा पुढे केला. वजन. पुन्हा मूठ घ्यायला लावली. पुन्हा वजन. दोन्ही वजनं जुळेनात. तिसऱ्यांदा मूठ घ्या म्हटल्यावर आजीने तीळ परातीत फेकले.

"आरं बाबा, माजा हातच काप आन् घिऊन जा! काट्यावर ठेव न्हाईतर कपाटात ठेव!"

काका घाबरले. पण रेकॉर्डिंग बंद केलं नाही. ते वाक्यही ठेवलंय.

जेवण तयार झालं की शेवटचा भाग त्यांच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. त्या बाईचा मुलगा किंवा मुलगी, ज्याने लहानपणापासून ते खाल्लंय, त्याने पहिला घास घ्यायचा आणि सांगायचं: अस्संच असतं, की काही वेगळं झालंय. काका याला मास्टर पीस म्हणायचे. कंपनीत एक नमुना कपाटात कुलुपात ठेवलेला असतो, प्रत्येक नवा माल त्याच्याशी ताडून बघतात. "चवीचा मास्टर पीस मंजे खाणाऱ्याची जीभ," ते सांगायचे. "ती गेली की मग तपासायचं कशाशी? नुसतं ड्रॉइंग घेऊन बसा."

मग त्यांचा स्वतःचा घास. डोळे मिटून आधी वास घ्यायचे, मग खायचे. शेडमध्ये सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत. मग "ओके" म्हणायचे, आणि ती बाई पदराने तोंड पुसून हसायची. हे बघायला मी सुट्टीचा दिवस असून यायचो, घरी बायको शिव्या घालायची तरी.

एकदा मी सहज विचारलं, "काका, तुमच्याकडचं काय?"

ते भांडी विसळत होते. थांबले. "चुणीचे उंडे," म्हणाले.

मला चुणी म्हणजे जनावरांची पेंड-चुणी तेवढी माहीत. तीच. त्यांची आई उदगीरला डाळीच्या गिरणीत झाडायला होती. डाळ भरडताना जो भुगा आणि टरफलं उरतात, ती चुणी. मालक ती पोत्याने जनावरांसाठी विकायचा, आणि झाडणाऱ्या बायकांना मजुरीसोबत ओंजळभर टाकायचा. यांची आई ती घरी आणून पाण्यात घालायची. टरफल वर तरंगलं की काढून टाकायचं, खाली उरेल ते वाळवायचं, खापरात भाजायचं, लसूण, मिरची आणि अंबाडीचा पाला घालून पाट्यावर वाटायचं आणि त्याचे गोळे करून वाफवायचे. "त्याच्यावर आमी सगळी भावंडं वाढलो," काका म्हणाले. "सगळी कमाल भाजण्यात हाय. कमी भाजलं तर कडू, जास्त भाजलं तर राख. मदीच एक वास सुटतो. तो आला की माय खापर उतरवायची. मी चुलीपुढं त्याच्यासाठीच बसायचो."

भावंडं आता राहिली नव्हती. आई तर कधीच गेलेली. हा पदार्थ केलेला पाहिलेलं घरात एकच माणूस होतं, मालनकाकू, त्यांची बायको. लग्न झाल्यावर पिंपरीला येईपर्यंत काही काळ सासूच्या हाताखाली होत्या.

आणि काकू करायला तयार नव्हत्या.

रूपीनगरला त्यांच्या घरी मी गुरुवारच्या नमुन्याचा डबा पोचवायला जायचो तेव्हा हे भांडण मी ऐकलंय. घर छोटं पण लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. काकू एरवी चहा पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत, पण उंड्यांचा विषय निघाला की भांड्यांचा आवाज वाढायचा.

"मासवडी लिवा, पुरणपोळी लिवा, काय लिवायचं ते लिवा," त्या एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या. "ढोराचं खाणं खाल्लं हे जगाला कशाला सांगायचं? आमी जेवाय बसलो की गल्लीतली पोरं दारात येऊन वरडायची, या या, ढोरं जेवलालेत बघा! ह्यांना ते याद नाही. ह्यांना वास याद हाय." मग माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "या शहरात आल्यावर मी पयल्यांदा काय आणलं असंल? अर्धा किलो तूरडाळ. साफ, एक टरफल नाही. ताटात पसरून नुसती बघत बसले होते."

दोघांचंही खरं होतं. मी चहा पिऊन निघालो.

मग तापाची साथ आली. काका दवाखान्यात राहून आले, वाळले, पण उठले. गुरुवार पुन्हा सुरू झाले. मला काही कळलं नाही. घास घेताना डोळे मिटायचे तसेच मिटत होते, ओके म्हणत होते.

एका गुरुवारी बीडकडच्या एक बाई आल्या होत्या. त्या बाहेर फोनवर बोलायला गेल्या आणि मी गाडी धुवायला. पंधरा पावलांवरून मला करपल्याचा भपकारा आला. पळत आत गेलो, तर पातेलं बुडाला लागलेलं, वर नुसती वाफ, आणि काका पातेल्यावर वाकून थर्मामीटर बघताहेत. तोंडावर समाधान.

"ब्याण्णव," म्हणाले. "बरोबर चाललंय."

मी गॅस बंद केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे, आणि स्टुलावर बसले. त्यांनीच सांगितलं. तापानंतर वास गेला तो आलाच नव्हता. जिभेला मीठ कळायचं, आंबट कळायचं, तिखट झोंबायचं. "बाकी सगळं पुठ्ठा," म्हणाले. "बायांचं तोंड बघून ओके मनलालो. त्यांचा चेहरा खुलला की ओके."

अरे देवा! डॉक्टर म्हणाले होते, रोज लवंग हुंगा, लिंबू हुंगा, परत येईल. कधी? तर येईल तेव्हा येईल, कुणाकुणाचा येतही नाही. काका शर्टाच्या खिशात पट्टीशेजारी लवंगा ठेवायला लागले होते, ते मला त्या दिवशी कळलं.

"मालनला सांगू नको," म्हणाले. "ती कधी हो मनली आणि तवर नाक आलं, तर जमंल अजून."

मी शब्द दिला. आता वाटतं, शब्द दिला नसता तरी काय झालं असतं? काही नाही. मी काय नाक आणून देणार होतो?

काकू हो म्हणाल्या, पण त्या ज्या दिवशी म्हणाल्या तो दिवस मी विसरणार नाही. मी शेडवर राहिलेला त्यांचा काटा परत द्यायला गेलो होतो. काका उदगीरला चुलतभावाशी फोनवर बोलत होते, स्पीकर चालू. हे चुलतभाऊ लहानपणी यांच्याच घरी जेवायचे. काका विचारत होते, चुणी किती वेळ भाजायची माय, तुला काही याद आहे का?

"कसली चुणी?" पलीकडून आवाज आला. "असलं काही नव्हतं आपल्याकडं. तुझ्या मायनं कधी केलंच असंल तर ढोराला केलं असंल. आणि असलं काही छापूबिपू नको रे बाबा. माझ्या पोरीचं लगीन जमवलालाव."

काकू आतून आल्या. हाताला पीठ होतं, तसाच फोन घेतला.

"भावजी, मी मालन. तुमी आमच्या चुलीपुढं बसून खाल्लंय. मी वाढलंय तुमाला. अजून एक दे वहिनी मनून मागून खाल्लंय. त्या बाईनं गिरणीतला भुगा फुंकून फुंकून तुमाला जगवलं, आणि तुमी मनतासा ढोराला केलं?"

पलीकडे फोन कट झाला. काकू फोनला लागलेलं पीठ पदराने पुसत म्हणाल्या, "आणा चुणी. मी करते. कोण ढोर हाय ते बघू."

काका माझ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो आला होता, आणि त्यांना हसूही येईना, नाहीही म्हणता येईना. मी मान खाली घातली.

चुणी आणायला मीच गाडीवर त्यांना घेऊन गेलो. चाकणला कांदा मार्केटच्या पाठीमागे पशुखाद्याची दुकानं आहेत. कांद्याच्या ट्रकांमधून वाट काढत पोचलो. दुकानदाराने पोत्यात हात घातला. "किती देऊ?"

"दोन किलो."

"दोनच किलो?" तो हसला. "शेरडांसाठी व्हय? किती हायती शेरडं?"

हा माणूस, ज्याने उभ्या जन्मात खोटी मोजणी केली नाही, तो खाली बघत म्हणाला, "दोन."



काकूंनी चुणी धुऊन गच्चीवर वाळवली, खालच्या मजल्यावरून पाटा मागून आणला, आणि पुढच्या गुरुवारी सकाळी मला घरी बोलावलं. काकांनी नेहमीसारखा काटा मांडला, मोबाइल लावला. "नमुना," म्हणाले आणि काटा पुसायला लागले. काकू म्हणाल्या, "मना की पुढं. चुणीचे उंडे. सासूबाईचे." तेवढं त्याच बोलल्या.

खापर गॅसवर तापलं. काकूंनी चुणी टाकली आणि उलथनं काकांच्या बाजूला धरलं.

"सासूबाई मला भाजू द्यायच्या नाहीत. मनायच्या, तू वाट. मला वाटायचं तेवढं ठाऊक. तुमी चुलीपुढं असायचा. तुमी सांगा कधी उतरवू."

हे मला माहीत नव्हतं. काकांनाही नसावं. ते खापरावर वाकले. चष्म्यावर वाफ आली. छातीभर श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"आता?" काकूंनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मला वास येत होता, चांगला खमंग येत होता, मग त्यात जरा मातीसारखं काहीतरी आलं, मग जरा उग्र. पण यातला त्यांच्या आईचा कुठला? मी जन्मात उंडे खाल्ले नव्हते. मी कशाला मान हलवू? हात बांधून उभा राहिलो.

"थांब," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, "उतरव." अंदाजाने.

काकूंनी वाटलं, वळलं, वाफवलं. ताटात उंडा ठेवला आणि समोर मांडी घालून बसल्या. नजर त्यांच्या तोंडावर. काका चावत राहिले. खूप वेळ चावत राहिले.

"काय?"

मला वाटलं, आता ओके म्हणतील. बाकीच्यांना म्हणायचे तसे. तिचा चेहरा खुलेल. म्हणा हो काका, मी मनात म्हणत होतो, एकदा म्हणून टाका!

"गरम हाय," काका म्हणाले. "मऊ हाय. आंबट कळलालं." घास गिळला. "बाकी काही कळत नाही, मालन. ताप आल्यापासून नाही कळत."

काकूंनी ताटातला उंडा उचलला, मोडला, अर्धा तोंडात घातला. मला वाटलं, चला, ही तरी सांगेल, हिने खाल्लेलं आहे. त्यांनी चावला, गिळला आणि उरलेला अर्धा ताटात ठेवला.

"मलाबी सांगता येत नाही हो," म्हणाल्या. "मी तवा श्वास धरून गिळायची. चव घ्यायचीच नाही असं ठरवलं होतं मी."

मोबाइल चालूच होता. कुणी बंद केला नाही.

पुढच्याच आठवड्यात दोघं लेकीकडे नांदेडला गेले आणि तिकडेच राहिले. फोन येतो कधीमधी, आचाऱ्याची चौकशी करतात. नाकाचं मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. मला ते दिसतात ते त्या गुरुवारचे. मी निघायचं म्हणून दारात चपला शोधत होतो. काकू उठल्या, उरलेली चुणी खापरात ओतली आणि गॅस पेटवला.

"अगं, मला काही—"

"गप बसा. श्वास घ्या."

त्या भाजत राहिल्या. काका गॅसशेजारी, जमिनीवरच बसले होते. काकूंनी चिमूटभर तळहातावर घेतली, फुंकर मारली, त्यांच्या नाकापाशी धरली.

"आता?"

काकांनी मान हलवली. नाही. काकूंनी पुन्हा उलथनं फिरवलं, पुन्हा चिमूट घेतली, पुन्हा हात पुढे केला.

"आता?"